विल्सन ओळखावा कसा? (नवशिक्यांसाठी प्राथमिक अभ्यासक्रम)

ज्यांना एकही विल्सन धड ओळखता येत नाही, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांना एकच विल्सन ठाऊक आहे त्यांनी तर ती आधी वाचावी, कारण सगळ्यात जास्त घोळ तेच घालतात. चारचौघांत विल्सनचं नाव निघालं की हे लोक जाणकारासारखी मान हलवतात आणि मग धरणाचं बोलणं चाललेलं असताना मध्येच राष्ट्राध्यक्षाला आणून बसवतात.

साहित्य: एक वही, एक पेन्सिल, एक खोडरबर. खोडरबर मोठं घ्यावं.

पूर्वतयारी

आपल्याकडे कोणी ‘मी जोशी’ म्हणाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठले जोशी? विल्सनलाही हा प्रश्न जरूर विचारा, पण उत्तरावर विसंबू नका. उत्तर बहुधा ‘मूळचे स्कॉटलंडचे’ असं येईल आणि तुमच्या ज्ञानात तसूभरही भर पडणार नाही. विल्सन म्हणजे विलचा मुलगा, एवढाच मामला आहे. १०६६ नंतर इंग्लंडच्या नॉर्मन राजांच्या कृपेने तिकडे विल्यम हे नाव असं पसरलं की गल्लोगल्ली विल झाले आणि प्रत्येक विलच्या पोरापासून एकेक विल्सन घराणं सुरू झालं. त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. तेव्हा ‘म्हणजे त्या विल्सनांपैकी का?’ असं कौतुकाने विचारू नये. ‘त्या’ असे विल्सन नाहीतच.

पाठ पहिला: घरचे विल्सन

सुरुवात जवळून करू. महाराष्ट्रात फिरताना विल्सन तीन ठिकाणी हमखास आडवा येतो: गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज, महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट आणि भंडारदऱ्याचं विल्सन धरण. नवशिके हे तिन्ही एकाच माणसाच्या नावावर जमा करतात. तसं करू नका. कॉलेज जॉनचं, बाकीचं लेस्लीचं. पाठ करायला सोपं सूत्र: खडू दिसला की जॉन, डोंगर किंवा पाणी दिसलं की लेस्ली. चौपाटीवर कॉलेजसमोर पाणीही दिसतं, तेवढ्यापुरतं सूत्र बाजूला ठेवावं.

डॉ. जॉन विल्सन हे मिशनरी १८२९ साली मुंबईत उतरले आणि १८७५ साली मुंबईतच वारले. मराठी शिकले, गुजराती शिकले, संस्कृत आणि झेंदमध्येही शिरले, आणि लगेच वाद घालायला बसले. धर्मप्रसाराला आलेला माणूस वादाला घाबरून कसं चालेल? मोरभट दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली आणि विल्सन साहेबांनी तिला छापील उत्तर दिलं. पुढे पारशी धर्मावर जाडजूड ग्रंथ लिहून त्यांनी पारशी मंडळींनाही अंगावर घेतलं. दोन पारशी मुलांनी त्यांच्याकडे बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण थेट कोर्टात गेलं. इतकं सगळं करूनही मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपद त्यांच्याकडे आलं आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं अध्यक्षपदही. वादावादी करून शिवाय मान मिळवण्याची ही रीत त्या काळात शक्य होती असं दिसतं.

त्यांची पत्नी मार्गारेट हिचं नाव कोणत्याही पॉइंटला नाही. मुंबईत मुलींच्या शाळा काढण्याचं काम तिने आल्याआल्या हाती घेतलं आणि १८३५ मध्ये ती वारली. या अभ्यासक्रमात तिच्यावर प्रश्न येत नाही. यायला हवा.

परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचं: चौपाटीवरची ती दगडी इमारत १८८९ची आहे. म्हणजे विल्सन साहेबांनी विल्सन कॉलेजची इमारत पाहिलेलीच नाही. त्यांनी १८३२ साली काढली ती गिरगावात आंब्रोलीला भरणारी शाळा.

आता सर लेस्ली विल्सन. आधी लष्करी अधिकारी, मग खासदार, मग १९२३ ते १९२८ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. प्रवरेवरचं धरण पुरं झालं १९२६ मध्ये. त्याचा पाया खणला गेला तेव्हा या गृहस्थांचा मुंबईशी काही संबंध नव्हता. पण उद्घाटनाला जो हजर असेल त्याचं नाव लागतं, हा नियम तेव्हाही होता. धरणामागच्या जलाशयाला आर्थर हिल या इंजिनिअरचं नाव आहे. भिंत गव्हर्नरची, पाणी इंजिनिअरचं, भिजणारी गावं आपली. याच लेस्ली साहेबांच्या कारकिर्दीच्या शेवटी, १९२८ मध्ये, बारडोलीच्या शेतकऱ्यांनी वाढीव सारा भरायला नकार दिला आणि वल्लभभाई पटेल ‘सरदार’ झाले. बारडोलीत विल्सन पॉइंट नाही.

सावधान: अमेरिकेत अलाबामा राज्यात टेनेसी नदीवरही एक विल्सन धरण आहे. ते १९२४चं आणि राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या नावाचं. दोन वर्षांच्या अंतराने, दोन खंडांत, दोन नद्यांवर, दोन निरनिराळ्या विल्सनांची धरणं. नेटवर माहिती शोधताना भंडारदऱ्याला काजवे बघायला निघालेला माणूस अलाबामाच्या वीजकेंद्रात पोचू शकतो.

पाठ दुसरा: सालावरून ओळखू नये

साल आठवलं की माणूस सापडतो, अशी शाळेत लागलेली सवय विल्सनांपुढे चालत नाही. १८६० घ्या. त्या वर्षी मे महिन्यात होरेस हेमन विल्सन वारले. हे कलकत्त्याला आले ते डॉक्टर म्हणून, रमले टांकसाळीत, आणि नाव काढलं संस्कृतात. १८१३ साली मेघदूताचा इंग्रजी अनुवाद, १८१९ साली संस्कृत-इंग्रजी कोश, आणि शेवटी ऑक्सफर्डमध्ये संस्कृतचे पहिले बोडेन प्राध्यापक. १८६०च्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्यात जेम्स विल्सन वारले. हे टोप्या बनवण्याच्या धंद्यातून वर आलेले, १८४३ साली ‘द इकॉनॉमिस्ट’ काढणारे. १८५७च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरायला त्यांना हिंदुस्थानात धाडलं होतं. फेब्रुवारीत त्यांनी पहिलं अंदाजपत्रक मांडलं, प्राप्तिकर आणला आणि काही महिन्यांतच हगवणीने गेले. कर मागे ठेवून गेले. दरवर्षी जुलै उजाडला की आपण विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेच्या नावाने बोटं मोडतो, ती खरं म्हणजे या विल्सनच्या नावाने मोडायची असतात. चोवीस जुलैला प्राप्तिकर दिनही साजरा होतो, पण तो खात्यात. करदात्यांच्या घरी त्या दिवशी गोडधोड केल्याचं ऐकिवात नाही.

जेम्स विल्सन हेही नाव एकट्याचं नाही. आणखी एक जेम्स विल्सन अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे. ते तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, जमिनींच्या सट्ट्यात बुडाले आणि न्यायमूर्तिपदावर असतानाच कर्जापायी तुरुंगात जाऊन आले. एका जेम्सने दुसऱ्यांच्या तिजोरीचा हिशेब लावला, दुसऱ्याला स्वतःचा लागला नाही. दोघेही स्कॉटलंडचे, हे वेगळं सांगायला नकोच.

आता १९१२. मार्चच्या अखेरीस दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉटसोबत तंबूत एडवर्ड विल्सन गोठून मेले. हे डॉक्टर, चित्रकार आणि पक्षितज्ज्ञ. आदल्या हिवाळ्यात, अंटार्क्टिकाच्या चोवीस तासांच्या रात्रीत, एम्परर पेंग्विनची अंडी आणायला पायी गेलेले. त्याच वर्षी लंडनमध्ये किनियर विल्सन या मेंदूच्या डॉक्टरांनी एका दुखण्याचं वर्णन छापलं. त्यात शरीराला तांबं बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साठत जातं आणि डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी कडं दिसू लागतं. पुढे ‘विल्सन्स डिसीज’ म्हटलं जाऊ लागलं ते हेच. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला वुड्रो विल्सन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. आणि १२ नोव्हेंबरला शोधपथकाला बर्फात तो तंबू सापडला. त्या आठवड्यात एक विल्सन जगाच्या पुढाऱ्यांत जाऊन बसला आणि दुसरा बर्फाखालून मिळाला.

(बर्फात सापडलेला विल्सन म्हणजे एडवर्डच, असंही समजू नये. १९३४ साली मॉरिस विल्सन नावाचा इंग्रज एकटाच एव्हरेस्टवर निघाला. गिर्यारोहण येत नव्हतं. मूळ बेत तर विमान डोंगराच्या उतारावर आदळवून तिथून वर चालत जायचा होता, आणि त्यासाठी तो विमान चालवायला शिकून खरोखरच इंग्लंडहून हिंदुस्थानपर्यंत उडत आला. सरकारने विमान अडवलं, म्हणून वेष बदलून दार्जिलिंगहून तिबेटात गेला. पुढच्या वर्षीच्या मोहिमेला तो सापडला.)

वुड्रो विल्सन यांच्याबद्दल मराठी विद्यार्थ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९१९च्या सुरुवातीला लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. पॅरिसमध्ये शांतता परिषद भरत होती आणि स्वयंनिर्णयाच्या गोष्टी करणारे वुड्रो विल्सन तिथे हजर होते. टिळकांनी हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाबद्दल त्यांना पत्र धाडलं. उत्तर आलं ते सचिवाकडून: या प्रश्नाचा विचार योग्य वेळी योग्य ते अधिकारी करतील. कोणत्याही तहसील कचेरीत अर्ज टाकलेल्या माणसाला हे वाक्य भाषांतर न करताही कळेल. त्या वर्षीचं शांततेचं नोबेल वुड्रो विल्सन यांना मिळालं.

पाठ तिसरा: आद्याक्षरं

आद्याक्षरांवर विसंबू नका. एच. एच. विल्सन म्हणजे मेघदूतवाले होरेस हेमन, आणि एच. एच. विल्सन म्हणजे पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश सेनानी, पुढे फील्ड मार्शल झालेले हेन्री ह्यूज, ज्यांना १९२२ साली लंडनमध्ये घराच्या दारातच गोळ्या घातल्या गेल्या. दोघांच्या पुस्तकांची यादी एकत्र झाली तर यक्षाला तोफखाना मिळेल.

पाठ चौथा: रॉबर्ट (पुढच्या वर्गासाठी)

हा पाठ अवघड आहे. दिवसा वाचावा.

रॉबर्ट विल्सन नोबेल मिळवतात. पण कोणते? रॉबर्ट वुड्रो विल्सन यांना १९७८ साली भौतिकशास्त्रासाठी मिळालं. न्यू जर्सीत होल्मडेलला कर्ण्याच्या आकाराचा एक अगडबंब अँटेना होता. विल्सन आणि अर्नो पेन्झियास आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी मोजत होते, आणि मागे एक बारीक खरखर सतत येत होती. अँटेना कुठेही वळवा, रात्र असो की दिवस, खरखर तीच. सांधे तपासले, तारा तपासल्या. कर्ण्याच्या आत कबुतरांची जोडी राहत होती आणि आपल्याकडची कबुतरं खिडकीच्या कठड्यावर जे करतात तेच तिनेही केलं होतं. या दोघांनी ते सगळं घासून काढलं. कबुतरं पकडून दूर धाडली. ती परत आली. शेवटी त्यांचं जे व्हायचं ते झालं, पण खरखर जागच्या जागी. ती विश्वाच्या जन्मापासून उरलेली ऊब होती. मुंबईच्या फ्लॅटमध्ये कबुतरांशी झुंजणाऱ्यांनी या घटनेतून आशा घेऊ नये. प्रत्येक कबुतरामागे नोबेल नसतं.

दुसरे रॉबर्ट बटलर विल्सन, यांना २०२०चं अर्थशास्त्राचं नोबेल, लिलावांच्या अभ्यासासाठी. लिलावात जो जिंकतो तो पुष्कळदा जास्तच किंमत मोजून बसतो, हे त्यांनी गणिताने मांडलं. आपल्याकडे फ्लॅट घेतल्यावर सासरे तोंडी सांगतात. सोबत नोबेल मिळालेला पॉल मिलग्रॉम हा त्यांचाच विद्यार्थी आणि समोरचाच शेजारी. मध्यरात्री नोबेलवाल्यांचा फोन मिलग्रॉमने उचलला नाही, म्हणून हे ऐंशी ओलांडलेले गुरुजी पत्नीला घेऊन रस्ता ओलांडून गेले आणि त्याची बेल दाबत राहिले.

तिसरे रॉबर्ट रॅथबन विल्सन. हेही भौतिकशास्त्रज्ञ, अणुबाँबच्या प्रकल्पातले, फर्मीलॅबचे पहिले संचालक. शिल्पंही करायचे, आणि प्रयोगशाळेच्या आवारात त्यांनी बायसनांचा कळप आणून ठेवला. यांना नोबेल नाही. चौथे रॉबर्ट विल्सन म्हणजे नाटकवाले, ज्यांनी १९७६ साली फिलिप ग्लासबरोबर ‘आइनस्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा केला. म्हणजे चौघांत दोन भौतिकशास्त्रज्ञ, आणि आइनस्टाइन ज्याच्या कामाच्या नावात आहे तो तिसराच.

इथवर वही नीट लिहिली असेल तर आता खोडा. कारण १९८२चं भौतिकशास्त्राचं नोबेल केनेथ विल्सन यांना मिळालं. केनेथ आणि कबुतरवाले रॉबर्ट दोघेही १९३६ साली जन्मले आणि दोघांनीही पीएच.डी. कॅलटेकमधूनच केली. ‘१९३६चे, कॅलटेकचे, भौतिकशास्त्राचे नोबेलवाले विल्सन’ एवढं अचूक वर्णन करूनही माणूस एक ठरत नाही. यापुढे फक्त आधार कार्ड.

आणखी एक भौतिकशास्त्रज्ञ विल्सन उरले, आणि त्यांना गाळता येत नाही. सी. टी. आर. विल्सन १८९४ साली स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत काही दिवस राहिले. खाली धुकं, मागे सूर्य, आणि धुक्यावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती रंगीत वर्तुळ. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्याच्या शेवटी पहाटे उठून जे बघायला लोक रांगतात ते इंद्रवज्र हेच. आपले भटके फोटो काढतात आणि खाली येऊन पिठलं-भाकरी खातात. या विल्सननी केंब्रिजला परतून काचेच्या भांड्यात धुकं बनवायला घेतलं. बनवता बनवता त्यांना दिसलं की अदृश्य कण या धुक्यातून गेला की मागे थेंबांची रेघ सोडतो. त्या ‘क्लाउड चेंबर’साठी १९२७चं नोबेल. पुढे पॉझिट्रॉन सापडला तोही अशाच रेघेवरून.

पाठ पाचवा: जॉन, पुन्हा

गणिताच्या विद्यार्थ्यांना ‘विल्सनचं प्रमेय’ भेटतं. हा जॉन विल्सन मुंबईचा नव्हे. नियम असा: मूळ संख्या घ्या, तिच्याआधीच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करा, एक मिळवा, येणारी संख्या तिने निःशेष भागली जाते. पाच घ्या: एक गुणिले दोन गुणिले तीन गुणिले चार म्हणजे २४, अधिक एक २५. जातो भाग. सात घ्या: ७२० अधिक एक ७२१, म्हणजे सात गुणिले १०३. सहा मूळ संख्या नाही: १२० अधिक एक १२१, सहाने भाग जात नाही. हे विल्सनच्या लक्षात आलं, त्याच्या गुरूने १७७० साली त्याच्या नावाने छापलं, आणि दोघांपैकी एकालाही सिद्ध करता आलं नाही. सिद्ध केलं लाग्रांजने. त्याच्या सात-आठशे वर्षं आधी इब्न अल-हैथमला ते ठाऊक होतं. विल्सन पुढे गणित सोडून न्यायाधीश झाला. आडनाव प्रमेयाला लावण्याचा याहून स्वस्त मार्ग आमच्या पाहण्यात नाही.

पाठ सहावा: खात्रीचा उपाय

अमेरिकेत एकाच काळात दोन चार्ल्स ई. विल्सन मोठ्या कंपन्यांचे प्रमुख होते: एक जनरल मोटर्सचे, एक जनरल इलेक्ट्रिकचे. एक चार्ल्स अर्विन, दुसरे चार्ल्स एडवर्ड. वॉशिंग्टनमध्ये दोघांचीही ये-जा. पहिले तर पुढे संरक्षणमंत्रीच झाले. लोकांनी आद्याक्षरांचा नाद सोडला आणि मोटारवाल्याला ‘इंजिन चार्ली’, विजेवाल्याला ‘इलेक्ट्रिक चार्ली’ म्हणायला सुरुवात केली. पुन्हा घोळ झाला नाही.

यात शिकण्यासारखं नवीन काही नाही, कारण मराठी माणसाच्या फोनमध्ये ही पद्धत आधीपासून आहे. ‘जोशी गॅस’, ‘कुलकर्णी एलआयसी’, ‘पाटील बोअरवेल’, ‘पाटील बोअरवेल नवीन’. पूर्ण नाव कोण लिहितो? त्याच धर्तीवर वहीत लिहा: विल्सन कॉलेज, विल्सन कबूतर, विल्सन धुकं, विल्सन इन्कमटॅक्स, विल्सन पाइप (हे ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड, जाहीरपणे पाइप ओढायचे आणि घरी सिगार), विल्सन मुंग्या (हार्वर्डचे ई. ओ. विल्सन, लहानपणी मासे धरताना एका डोळ्याची नजर गेली, म्हणून जवळून बघता येतील अशा किड्यांकडे वळले). यादी संपणार नाही, पण घोळ संपेल.

पाठ सातवा: दिसतो पण नसतो, असतो पण दिसत नाही

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. एकट्याच्या खेळात जगज्जेता होणारा स्वतंत्र भारताचा हा पहिला माणूस. पण ते जोन्स. विल्सन हे त्यांचं नाव. मॅगसेसे मिळालेले, हाताने मैला उपसण्याच्या प्रथेविरुद्ध लढणारे बेझवाडा विल्सन यांचंही तसंच, नाव विल्सन. उलट ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ लिहिणारे अँथनी बर्जेस हे घरचे विल्सनच; जन्मनाव जॉन बर्जेस विल्सन. म्हणजे जॉन आणखी एक वाढला.

सगळ्यात लोकप्रिय विल्सन माणूस नाही. २०००च्या ‘कास्ट अवे’ सिनेमात टॉम हँक्स बेटावर ज्याच्याशी बोलतो तो व्हॉलीबॉल. त्याचं नाव पडलं ते बॉल बनवणाऱ्या कंपनीवरून, आणि कंपनीचं पडलं थॉमस ई. विल्सन या शिकागोच्या मांसव्यापाऱ्यावरून. कत्तलखान्यातल्या उरलेल्या आतड्यांच्या रॅकेटच्या तारा करायच्या, असा तो धंदा. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये वुड्रो विल्सन होते. त्यांचंही पाळण्यातलं नाव थॉमस.

स्वाध्याय

१) जोड्या लावा: धरण, धरण, जॉन, जॉन, जॉन. (उजवा स्तंभ विद्यार्थ्याने स्वतः तयार करावा.)

२) १९६४ साली एक विल्सन पंतप्रधान झाला, एकाला आकाशात खरखर ऐकू आली आणि एकाने दुसऱ्यांदा बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद मिळवलं. यांपैकी विल्सन नसलेला विल्सन ओळखा.

३) कारणे द्या: टिळकांच्या पत्राला सचिवाने उत्तर दिलं.

४) आकृती काढा व भागांना नावे द्या: कर्णा, कबूतर, विश्व.

सूचना: उत्तरपत्रिकेवर फक्त बैठक क्रमांक लिहावा. परीक्षार्थीचं आडनाव विल्सन असल्यास आणि त्याने ते लिहिल्यास गुण कोणत्या विल्सनला द्यायचे, याचा विचार योग्य वेळी योग्य ते अधिकारी करतील.